सोफा, मिक्सर आणि नऊ एमएमचं पिस्तूल

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतली सर्व महाराष्ट्र मंडळं



गणपतीची वर्गणी, फराळाच्या ऑर्डरी आणि नाटकाची तिकिटं यांच्या गर्दीत हे पत्र वाचायला तुम्हाला सवड काढावी लागेल, याची कल्पना आहे. तरी लिहितो आहे, आणि उघडपणे लिहितो आहे, कारण विषय एकट्या आमच्या मंडळाचा नाही.

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब कायमचं पुण्याला परत निघालं. रिवाजाप्रमाणे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सामानाची यादी आली. सोफा, पुस्तकांची दोन कपाटं, मिक्सर, मुलीची सायकल आणि सगळ्यात शेवटी, पेटीसकट, नऊ एमएमचं पिस्तूल, ‘जवळजवळ न वापरलेलं’. खाली सूचना होती : फक्त आपल्या माणसांना. दोन-चार अंगठे आले, एकाने सोफ्याचं माप विचारलं. पिस्तुलाविषयी कुणी चकार शब्द काढला नाही.

मी टेक्सासात राहतो. माझ्याही घरी तिजोरीत एक पिस्तूल आहे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मी ते घेऊन रेंजवर जातो. तेव्हा बंदुका असाव्यात की नसाव्यात, हा या पत्राचा वाद नव्हे. तो या देशात आपण येण्याआधीपासून चालू आहे आणि आपण गेल्यावरही चालेल. माझा प्रश्न त्या मानाने लहान आहे. कायदेशीर मार्गाने घेतलेलं हत्यार आपण दुसऱ्याला विकलं आणि पुढे त्याने घात केला, तर त्या घाताचा किती वाटा विकणाऱ्याच्या पदरात पडतो? कोविडच्या काळात आशियाई वंशाच्या अनेक कुटुंबांनी पहिल्यांदाच बंदूक घेतली. त्यांत आपलीही मंडळी होती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आता त्यातले काही परत निघालेत, काहींची मुलं मोठी झालीत, काहींची भीती ओसरली आहे. ती हत्यारं विकली जाणार आहेत.

यादी टाकणाऱ्याने कायदा मोडला होता का? टेक्सासात, नाही. दुकानातून बंदूक घेताना आपण ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतो आणि दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत आपलं नाव तपासतो. हा ब्रेडी कायद्याचा भाग. कायदा १९९३ चा, आणि ही तपासयंत्रणा सुरू झाली नोव्हेंबर १९९८ मध्ये. पण तो बांधतो परवानाधारक दुकानदाराला. स्वतःकडची बंदूक अधूनमधून विकणाऱ्या खासगी माणसाला केंद्रीय कायद्याने ना तपासणी सक्तीची, ना नोंद ठेवणं. मुख्य बंधन हे : घेणारा अपात्र आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना विकायचं नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोरॅडो, वॉशिंग्टन अशा राज्यांनी खासगी विक्रीलाही तपासणी लावली. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया यांनी लावलेली नाही.

गंमत अशी की आपण सगळे जिथून आलो तिथला कायदा नेमका याच जागी कडक आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या पाचव्या कलमात खासगी विक्रीला वाट ठेवलेली आहे. पण घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना हवा, जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला त्याचं नाव-पत्ता लेखी कळवायला हवा, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायला हवं. कोकणात ज्यांच्या आजोबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, त्यांना निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला जाणारे आजोबा आठवत असतील. त्या घरांतली मुलं इथे येऊन व्हॉट्सॲपवर पिस्तूल विकतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. देश बदलला की कायद्यासारखीच सवयही बदलते म्हणायची.

आता टेक्सासातलीच एक घटना. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मिडलंड आणि ओडेसा या शेजारशेजारच्या शहरांत एका माणसाने गाडीतून फिरत गोळीबार केला. सात माणसं मारली गेली, वीसहून अधिक जखमी झाली. या माणसाने २०१४ मध्ये दुकानातून बंदूक घ्यायचा प्रयत्न केला होता. मानसिक आरोग्याबाबतच्या जुन्या नोंदीमुळे तपासणीत त्याला नकार मिळाला. यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याने लबकमधल्या एका खासगी विक्रेत्याकडून एआर पद्धतीची रायफल घेतली. तिथे कुणी काही तपासलं नाही, कारण तपासायचं बंधन नव्हतं.

त्या विक्रेत्याला जानेवारी २०२१ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. कशाबद्दल? विनापरवाना शस्त्रविक्रीचा धंदा केला आणि कराच्या विवरणपत्रात खोटी माहिती दिली, याबद्दल. सात माणसांबद्दल नव्हे. त्याने हौस म्हणून एकच रायफल विकली असती आणि कर नीट भरला असता, तर बहुधा त्याला कोर्टाचं तोंड पाहावं लागलं नसतं, आणि सात माणसं मात्र तितकीच मेली असती. टेक्सासचे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक तसे बंदूकधारकांच्या बाजूचे. पण त्या गोळीबारानंतर तेही जाहीरपणे म्हणाले की अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला बंदूक विकताना तपासणी हवी. कायदा काही झाला नाही. उलट २०२१ मध्ये राज्याने परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरायची मोकळीक दिली.

म्हणजे कायद्याच्या भरवशावर बसून चालणार नाही. उरतं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

विकणारा खुनी असतो असं मी म्हणत नाही. गोळी झाडणारा आणि विकणारा यांच्यामध्ये एका माणसाची इच्छा उभी असते, आणि तिचा भार त्याच्याच डोक्यावर राहतो. पण विकणारा जेव्हा म्हणतो, ‘मला काय माहीत तो असं करेल?’, तेव्हा मला त्याला उलट विचारावंसं वाटतं : माहीत करून घ्यायला काय पडलं असतं? कळायला वाट नसेल तर न कळल्याचा दोष लागत नाही. इथे वाट आहे, आणि ती बहुतेकांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. कुठल्याही परवानाधारक दुकानात दोघांनी मिळून जायचं. घेणारा फॉर्म भरतो, दुकानदार त्याचं नाव तपासतो, नोंद दुकानात राहते. याचे तो साधारण २५ ते ५० डॉलर घेतो. टेक्सासात हे सक्तीचं नसलं तरी कुणी अडवतही नाही. एवढं करायचं टाळून जो ‘मला माहीत नव्हतं’ म्हणतो, त्याने ते अज्ञान स्वतःहून पत्करलेलं असतं, बरेचदा पन्नास डॉलर वाचवण्यासाठी. माझा आक्षेप आहे तो एवढ्यावरच.

आपल्या लोकांना कागदपत्रांचा कंटाळा आहे म्हणावं तर तसंही नाही. जुनी होंडा विकताना आपण टेक्सासच्या परिवहन खात्याला गाडी दुसऱ्याच्या नावावर गेल्याचं आठवणीने ऑनलाइन कळवतो. का, तर नव्या मालकाने चुकवलेल्या टोलची बिलं आपल्या पत्त्यावर यायला नकोत. टोलसाठी जी काळजी घेतो, ती पिस्तुलासाठी घ्यायला जड का जावं?

आणि टोलच्या बिलासारखाच पिस्तुलाचाही माग आपल्याच दारी येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. या देशात बंदुकांच्या मालकांची मध्यवर्ती नोंदवही नाही. १९८६ च्या कायद्याने ती करायलाच मनाई आहे. गुन्ह्याच्या जागी हत्यार सापडलं की पश्चिम व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गमधलं केंद्र त्यावरच्या क्रमांकावरून कारखाना, तिथून घाऊक व्यापारी, तिथून दुकान आणि दुकानातून पहिला गिऱ्हाईक असा माग काढतं. सहसा इथवरच. पुढची खासगी विक्री कुठे लिहिलेली नसते. म्हणजे पुण्याला परत गेलेल्या आपल्या स्नेह्याचं पिस्तूल पाच वर्षांनी डॅलसमध्ये कुणाच्या छातीवर रोखलं गेलं, तर पोलीस त्यांच्या ह्यूस्टनच्या जुन्या घरी जातील. तिथे राहणाऱ्या नव्या कुटुंबाला कशाचाच पत्ता नसेल. माग तिथेच संपेल.

आता ‘फक्त आपल्या माणसांना’ या सूचनेबद्दल. तिच्यामागचा हेतू चांगला आहे. अनोळखी माणसाला विकण्यापेक्षा ओळखीचा बरा, असा साधा हिशेब. पण तो दोन ठिकाणी चुकतो.

पहिली जागा कायद्याची. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, असे काही मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला हा अडसर नाही. आता आपल्या ग्रुपमध्ये कोण कुठल्या व्हिसावर आहे, कुणाची प्रायॉरिटी डेट कधीची आहे, हे कुणाला माहीत नसतं? आपण तर जेवणाच्या पंगतीत दुसरं काही बोलतच नाही! परक्याला विकणारा म्हणू शकेल की मला कल्पना नव्हती. आपल्या माणसाला विकणाऱ्याला तेवढीही सोय नाही.

दुसरी जागा जास्त अवघड आहे. आपल्या माणसांबद्दल आपल्याला सगळं माहीत असतं असं आपण धरून चालतो, आणि नेमकं जे माहीत असायला हवं ते आपल्या समाजात कुणी बोलत नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डला एका माणसाने बायको काम करत होती त्या स्पामध्ये शिरून तिच्यासह तिघींना मारलं आणि मग स्वतःला. तिने कोर्टाकडून त्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश मिळवलेला होता. त्यामुळे दुकानातून त्याला पिस्तूल मिळालं नसतं. त्याने इंटरनेटवरची जाहिरात पाहून एका खासगी विक्रेत्याकडून, एका रेस्टॉरंटच्या पार्किंगमध्ये, पाचशे डॉलरना ते घेतलं. पुढे ती जाहिरात असलेल्या संकेतस्थळाविरुद्ध खटला झाला आणि २०१९ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने संकेतस्थळाला जबाबदार धरता येत नाही असा निकाल दिला.

ही माणसं मराठी नव्हती. पण घरातला छळ सोसणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ मध्येच उभी राहिली आणि ह्यूस्टनमध्ये ‘दया’ १९९६ पासून काम करते आहे. त्या संस्था काही रिकाम्या बसलेल्या नाहीत. नवऱ्याविरुद्ध संरक्षण आदेश घेतलेली बाई मंडळाच्या हळदीकुंकवात ते सांगत नाही, आणि तिचा नवरा ढोलपथकात पहिल्या रांगेत असू शकतो. एफबीआयच्या यंत्रणेला तो ढोल किती छान वाजवतो हे कळत नाही. तिला कोर्टाचा आदेश दिसतो. आपली ओळख जिथे आंधळी होते तिथे यंत्रणेचे डोळे उपयोगी पडतात.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक, तपासणी केली, सुटलो. तसं सुटता येत नाही, आणि याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण एका दुकानदाराचं आहे, खासगी विक्रेत्याचं नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये राल्फ डेमिको यांचं बंदुकांचं जुनं दुकान होतं. २००९ मध्ये त्यांना कळलं की आठवड्याभराच्या आत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तिघांनी त्यांच्या दुकानातून बंदूक घेतली आणि प्रत्येकाने काही तासांतच स्वतःला संपवलं. तिघांचेही कागद बरोबर होते. तिघेही तपासणीत पास झाले होते. डेमिकोंवर बोट ठेवायला कायद्याला जागाच नव्हती.

त्यांना स्वतःला मात्र चैन पडेना. आपल्या माणसांनी त्या गिऱ्हाइकांशी बोलताना काही ओळखायला हवं होतं का, हा प्रश्न त्यांनी मनात दाबून ठेवला नाही. ते सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या लोकांबरोबर बसले. तिथून बंदूकविक्रेत्यांसाठी एक उपक्रम निघाला : दुकानात लावायची आत्महत्या प्रतिबंधाची पत्रकं, आणि काउंटरमागच्या माणसाने काय पाहावं याच्या सूचना. पहिल्यांदाच बंदूक घेणारा माणूस कुठली घ्यायची याबद्दल काहीच विचारत नाही, देखभालीत त्याला रस नाही, नजरेला नजर देत नाही, असं दिसलं तर थांबा, बोला, आणि मन मानत नसेल तर विकू नका. न विकण्याचा हक्क दुकानदाराला असतोच. पुढे हा उपक्रम इतर अनेक राज्यांत गेला. बंदूकविरोधी मंडळींनी वरून लादला असता तर तो एका दुकानातही टिकला नसता. बंदुका विकणाऱ्याने स्वतः हात घातला म्हणून तो चालला.

आकड्यांकडे पाहिलं की याचं वजन कळतं. २०२१ मध्ये अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीने मेली. त्यातली २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. बातम्यांत येतात ते सामूहिक गोळीबार. घराघरांत, बंद खोलीत जे होतं त्याची बातमी होत नाही. आणि नोकरी गेल्यावर साठ दिवसांत देश सोडायची वेळ आलेली, घटस्फोटाच्या तारखांत अडकलेली, आई-वडिलांच्या शेवटच्या दर्शनाला पोहोचू न शकलेली माणसं आपल्या मंडळांत किती असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी ‘आपल्या माणसांना’ विकणाऱ्याकडे दुकानदाराकडे नसलेली एक गोष्ट असते. तो विचारू शकतो : एकदम पिस्तूल कशाला रे? घरी सगळं ठीक ना? हा प्रश्न कुठलाही फॉर्म विचारणार नाही. ओळखीचा खरा उपयोग असेल तर तो हा आहे, आणि तो तपासणीच्या बदल्यात नव्हे, तिच्या जोडीला.

माझ्या रेंजवरच्या मित्रांचा एक आक्षेप असतो आणि तो मी बाजूला सारणार नाही. ते म्हणतात, गुंड काय तुमच्या तपासणीला येणार आहेत? त्यांच्या बाजूने आकडाही आहे. अमेरिकी न्याय खात्याने २०१६ मध्ये कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्यांपैकी एक टक्क्याहून कमी जणांनी ती बंदुकांच्या प्रदर्शनातून मिळवली होती. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४३ टक्के, रस्त्यावरच्या चोरबाजाराचा. पण त्याच पाहणीत सुमारे चौथ्या हिश्शाने बंदूक नातेवाईक, मित्र किंवा इतर व्यक्तीकडून आणल्याचं सांगितलं : विकत, उसनी किंवा भेट म्हणून. आणि चोरबाजारात बंदुका आभाळातून पडत नाहीत. त्यातली बहुतेक हत्यारं कधीतरी कुणीतरी दुकानातून रीतसर घेतलेली असतात, आणि मग एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यांची नोंद सुटते. ती नोंद सुटू न देणं एवढंच आपल्या हातात आहे.

मग ही जबाबदारी कुठवर? काही जण म्हणतात, विकणाऱ्याने जन्मभर वागवायची. मला ते पटत नाही. रीतसर तपासणी करून, माणूस पाहून, नोंद ठेवून विकल्यावर पुढच्या चौथ्या हाताने काय केलं याचं ओझं पहिल्यावर टाकणं अन्याय होईल. ज्याला मी विकतो त्या एका माणसापुरतं मी जबाबदार. तेवढं पुरे आहे, आणि तेवढंच आपण टाळतो.

विकणाऱ्याला आपण इतिहासातही सहज विसरतो. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर झाडलेलं बेरेटा पिस्तूल मारेकऱ्यांनी दोनच दिवस आधी ग्वाल्हेरातून मिळवलं होतं. ते मिळवून दिल्याच्या आरोपावरून तिथल्या एका मराठी डॉक्टरांना विशेष न्यायालयाने १९४९ मध्ये शिक्षा सुनावली आणि त्याच वर्षी अपिलात ते सुटले. पुण्यात शस्त्रांचं दुकान चालवणारा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. गोडसे आणि आपटे यांची नावं शाळकरी पोरांना माहीत असतात. ते पिस्तूल ग्वाल्हेरात मुळात कुणी विकलं आणि विकताना त्याने कुणाला काय विचारलं, असा प्रश्न पडलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

तर मंडळींनो, मागणं फार नाही. तुमच्या ग्रुपच्या नियमांत बंदुकीच्या खरेदी-विक्रीची जाहिरात चालणार नाही, असं एक वाक्य घाला. परत जाणाऱ्या कुटुंबांसाठी तुम्ही बँक, कर, सामानाचा कंटेनर याविषयी सत्रं घेता. त्यात दहा मिनिटं या विषयाला द्या : जवळच्या परवानाधारक दुकानामार्फतच विका, किंवा दुकानदारालाच विका. चार पैसे कमी येतील, येऊ द्या. राज्याबाहेरच्या रहिवाशाला थेट विकता येतच नाही, दुकानदारामार्फतच द्यावं लागतं, हेही सांगा. घाईघाईत शेवटच्या आठवड्यात मित्राच्या गॅरेजमध्ये ‘जरा ठेव’ म्हणून सोडून जाऊ नका, हे विशेष सांगा. कारण त्या मित्राला मुलं असतात, आणि त्याचा व्हिसा कुठला हे आपल्याला माहीत असतं. विमानात बसायच्या महिनाभर आधी ही कामं हातावेगळी करायची असतात, इतकंच.

आमच्या भागातला जो दुकानदार असे व्यवहार शनिवारी सकाळी करून देतो, त्याचा पत्ता मी आमच्या मंडळाच्या सचिवांकडे दिलेला आहे. तुमच्या गावातला तुम्ही शोधून ठेवा. डिसेंबरात परत जाणाऱ्यांच्या याद्या ऑक्टोबरातच पडायला लागतात.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद
ह्यूस्टनजवळ, टेक्सास